आठ न्हय, सात

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी ‘असाही’ या जपानी कॅमेरा-कंपनीची सुपर-टाकुमार ५० एमएम, एफ १.४ ही जुनी लेन्स ‘आठ भिंगांची’ म्हणून विकत घेतली आणि शनिवारी सकाळी पणजीतल्या एका स्टुडिओत तिच्यातली बुरशी निघेल का हे विचारायला गेलो असता, पासपोर्ट फोटोंसाठी थांबलेल्या एका गृहस्थाने ती सात भिंगांची असल्याचे चारचौघांत जाहीर केले.

ज्यांना जुन्या लेन्सचा हा रोग नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. ही लेन्स १९६४ साली स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याबरोबर आली तेव्हा तिच्यात आठ भिंगे होती. पुढे कंपनीने सात भिंगांची नवी रचना केली, पण नाव तेच ठेवले. शौकीन मात्र शोधतात ती आठवाली. संस्थापकाच्या घरातल्या ताकुमा काजिवारा नावाच्या चित्रकाराच्या नावावरून ‘टाकुमार’ हे नाव देण्याइतकी आपुलकी असलेल्या कंपनीला तिथे एक आकडा जास्तीचा कोरणे जड का जावे, हे मला आजही समजलेले नाही. त्यामुळे ओळख पटवायची ती खुणांवरून. इन्फ्रारेड फोटोंच्या फोकससाठी असलेली तांबडी रेघ आठवालीवर लेन्सच्या अंगावर कोरलेल्या चार या आकड्याच्या बाहेर असते आणि सातवालीवर आत, मधल्या खुणेकडे. शिवाय सातवालीच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असल्यामुळे ती वर्षानुवर्षांनी चहासारखी पिवळी पडते. हे सारे मला तोंडपाठ होते. परंतु बाजारात वरून पाऊस, एका हातात छत्री, आणि बारा हजारांवरून नऊ हजारांवर आणल्याचा अभिमान, एवढ्या गोष्टी सांभाळताना रेघ पाहायची राहून गेली.

गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, आणि हातात बांगडे माशांची पिशवी. माझे बोलणे स्टुडिओवाल्याशी चालले होते, पण गोव्यात तुमच्या हातातली वस्तू ही सार्वजनिक मालमत्ता असते. ‘पळोवया,’ म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मी का कोण जाणे, लेन्स देऊन टाकली. त्यांनी आधी ती कानाशी हलवली, मग नाकाशी नेली, मग मागचे झाकण काढून आत असे पाहिले, की मला क्षणभर वाटले, आता बोटाने कल्ले उघडतील.

‘मासळी घेताना कल्ले बघता की नाही?’ त्यांनी विचारले.

बघतो, मी म्हणालो.

‘आणि डोळा?’

डोळाही बघतो.

‘मग हिचा का नाही बघितला?’ असे म्हणून त्यांनी काउंटरवरचे पांढरे पाकीट लेन्सच्या मागे धरले. पाकीट पिवळट दिसले. रांगेतल्या शाळकरी मुलीने वाकून पाहिले, तिच्या आईने पाहिले, आणि खरे सांगायचे तर स्टुडिओवाल्यानेही, ज्याला माझ्या बुरशीकडे पाहायला इतका वेळ सवड नव्हती. मग गृहस्थांनी नखाने तांबडी रेघ दाखवली आणि निकाल दिला: ‘आठ न्हय, सात.’ तारुण्यात त्यांनी योकोहामाला दोन्ही घेतल्या होत्या म्हणे.

मला हे माहीत होते, असे सांगण्याचा मी प्रयत्न केला. पण माहीत असूनही फसलेला माणूस हा अडाण्याहून अधिक हास्यास्पद ठरतो, हे अर्ध्या वाक्यातच लक्षात आले. ‘कितीला घेतली?’ या प्रश्नाला मी अब्रू राखण्यासाठी पाच हजार असे खोटे उत्तर दिले. त्यावर ते हळहळून म्हणाले, ‘महाग पडली तुम्हाला.’ उरलेल्या चार हजारांचे दुःख मला एकट्यालाच करावे लागले.

एवढ्यात त्यांचे फोटो छापून आले. गृहस्थांनी ते हातभर लांब धरले, जवळ आणले, पुन्हा लांब धरले आणि ठामपणे म्हणाले, ‘हो हांव न्हय.’ साठ वर्षांपूर्वीच्या लेन्सची जात रेघेवरून ओळखणारा माणूस पाच मिनिटांपूर्वीच्या स्वतःला ओळखेना, आणि तरी स्टुडिओवाला त्यांचे फोटो निमूटपणे पुन्हा काढायला उठला. मला मात्र त्याने ‘बुरशीचे चवथीनंतर बघू’ असे सांगून वाटेला लावले.

आता बुरशीबद्दल तरी कोणाला दोष द्यावा? जून लागला की इथे चपलांना, पट्ट्यांना, लग्नाच्या अल्बमला बुरशी येते. काचेने का मागे राहावे? पिवळेपणावर मात्र उपाय आहे: उन्हातल्या अतिनील किरणांनी तो उतरतो, त्यासाठी लेन्स कित्येक दिवस उन्हात ठेवावी लागते. म्हणून ती खिडकीत ठेवली आहे. पाऊस शनिवारपासून थांबलेला नाही, आणि फोकसच्या कड्याला अजून बांगड्यांचा वास येतो.