जाळ्याला हात लावला की गाज वाजते

गेल्या महिन्यात आयला मुंबईत ध्वनिकलेच्या एका प्रदर्शनाला नेलं होतं. कोळी समाजावरून सुचलेलं काम, असं निमंत्रणात होतं. अंधाऱ्या खोलीत जाळं टांगलेलं. हात लावला की सेन्सर जागा होतो आणि गाज ऐकू येते. जोरात ओढलं की एका बाईचा धवला, म्हणजे लग्नात धवलारीण गाते ते गाणं. आयने आधी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, चाचपली. "ह्याला पानी लागलंच नाय," म्हणाली. धवला सुरू झाला तशी थबकली. "ही कोण गाते?"

पाटीवर कलाकार होता, साउंड इंजिनिअर होता. धवलारीण नव्हती.

तंत्राशी माझं भांडण नाही. क्रोएशियात झादरला २००५ पासून किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाट शिरली की आतली हवा ढकलली जाते आणि सूर निघतो. तिथे वाजवणारा समुद्र. इथे समुद्र रेकॉर्ड केलेला, आणि वाजवणारे आपण.

आमचे आजोबा होडीच्या तळाला कान लावून बसायचे. घोळ, ढोमा हे मासे पोटातला हवेचा फुगा स्नायूंनी थरथरवून आवाज काढतात, तो लाकडातून ऐकू येतो. तोच फुगा म्हणजे भोत, तो महाग विकला जातो. २०२१ मध्ये पालघरकडच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळी लागल्या आणि सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, ते या भोतापायी. समुद्र ऐकणं आमच्याकडे पोटापाण्याचं काम आहे. त्या खोलीत ना इंजिन होतं, ना बर्फ फोडल्याचा आवाज, ना लिलावाचा पुकारा. नुसती गाज. ती तर पर्यटकालाही ऐकू येते.

मला विचाराल तर असं काम अलिबागच्या बंदरावर मांडा, आणि तिथीवर चालू द्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे ओहोटी बघूनच निघतात ना? तसंच इथेही, भरतीची वेळ नसेल तर जाळं गप्प. इंजिनाचा आवाजही त्यात घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा तोही बंद. येणाऱ्याचा थोडा हिरमोड होईल. होऊ दे.

निघताना आय टेबलापाशी गेली आणि गाणारीचं नाव मागितलं. तिथल्या मुलीने आमचा नंबर लिहून घेतला, कळवते म्हणाली. आय अजून रोज विचारते, फोन आला का.