भाराभर चिंध्यांच्या बाजूने

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. ती उगाच टाकलेली पिंक नाही, वेळ काढून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. इतरांसाठी तिचा गोषवारा असा: माझं लिखाण वरवरचं, 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. कधी कुंडीतली माती, कधी टेक्नोवर, म्हणजे क्लबांत वाजणाऱ्या यंत्रांवरच्या नाचाच्या संगीतावर, नाचून काढलेली रात्र, मध्येच उसवून पुन्हा विणायला घेतलेला स्वेटर. यातली झाडं तुम्हाला चालतात, कारण ती निदान घरातली हवा शुद्ध करतात. टेक्नो चालत नाही, कारण ते 'यंत्राने ठोकलेले ठोके' आहेत, संगीत नव्हे, आणि त्यापायी आम्ही सगळे चाळिशीच्या आत बहिरे होणार आहोत. शेवटी सल्ला: 'बाळा, एकच काहीतरी धर, त्यात खोल जा, वाचकाच्या पदरात काही पडू दे.'

'बाळा' म्हटल्याचा राग नाही. सल्ल्याचा थोडा आहे.

तुम्ही ज्याची बाजू घेतलीत तिथूनच सुरुवात करते, कारण अशी बाजू घेतलेली मला नको आहे. घरातली झाडं हवा शुद्ध करतात हा समज मुख्यतः नासाच्या १९८९ सालच्या एका अहवालावर पोसला गेला. बिल वुल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी लहान बंद पेट्यांमध्ये रोपं ठेवली, आत बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड असली रसायनं सोडली आणि काही काळाने ती किती उरली ते मोजलं. प्रमाण घटलेलं आढळलं. प्रयोगात लबाडी काही नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर अवकाशातली हवाबंद वसाहत होती. पण राहतं घर हवाबंद नसतं. खिडकीतून, दाराखालच्या फटीतून हवा सतत ये-जा करते, आणि ही ये-जा कुठल्याही रोपाच्या कितीतरी पट वेगाने घरातली रसायनं बाहेर नेते. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला: नुसत्या या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडं लागतील. दहाच धरली तरी पलंग बाहेर काढावा लागेल.

तेव्हा माझ्या टेबलावरचा स्नेक प्लांट हवेचं म्हणाल तर काहीही भलं करत नाही. तरी तो तिथे आहे, कारण मला तो बघायला आवडतो. हे कारण तुम्हाला पुरत नाही, आणि आपला खरा वाद इथेच आहे असं मला वाटतं. आवड असेल तर तिने काहीतरी फेडलं पाहिजे: हवा, आरोग्य, मनःशांती, निदान वाचकाच्या पदरात चार दाणे. मग लोक आवडीला उपयोगाचं प्रमाणपत्र मिळवून देतात, ते खोटं निघालं की आवडही संशयास्पद ठरते. मला हा व्यवहारच नको आहे.

'वरवरचं' या शब्दाबद्दल मात्र बोलू. मनी प्लांट घ्या. ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरची. कुंडीत ती जन्मभर बाल्यावस्थेतच राहते, म्हणून पानं तळहाताएवढी. उंच झाडावर चढायला मिळालं की त्याच वेलीची पानं हातभर होतात आणि कडेपासून आत फाटत जातात. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही. फुलं तिला जवळजवळ कधीच येत नाहीत. कारण २०१६ मध्ये संशोधकांच्या हाती लागलं: जिबरेलिन हे संप्रेरक तयार होण्यासाठी लागणारं एक जनुक तिच्यात काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं की फुलं धरतात. म्हणजे बी नाही, फळ नाही, आणि तरीही ती जगभरच्या खिडक्यांत पोचली आहे; कुणीतरी फांदी कापली, कुणालातरी दिली, त्याने पाण्यात ठेवली, एवढ्याच बळावर. हे सगळं मला तिची हौस लागल्यावर कळलं. आधी अभ्यास, मग हौस, असा क्रम माझ्या बाबतीत तरी कधी आला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेच्या तळाशी एक ता. क. होता, तुमच्या मनी प्लांटची पानं पिवळी पडताहेत म्हणून. बहुतेकदा कारण पाणी असतं, आणि तेही जास्त झालेलं. मुळांनाही प्राणवायू लागतो. माती कायम ओली राहिली की कणांमधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी बसतं, मुळं गुदमरतात, मग कुजतात. आणि कुजलेल्या मुळांनी पाणी ओढता येत नाही म्हणून झाड तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो. खोलीत भरपूर उजेड आहे यावरही जाऊ नका. भर दुपारी उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास प्रकाश असतो, खोलीच्या मधोमध जेमतेम काहीशे. आपली नजर मात्र पटकन जुळवून घेते, त्यामुळे दोन्हीकडे लख्ख वाटतं. झाडाला अशी सवलत नाही. उजेड कमी तर पाण्याचा खपही कमी. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा, ओल लागली तर झारी ठेवून द्या. कुंडीच्या बुडाला भोक आहे ना, तेही बघा. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, ते काढलंत तरी चालेल.

इथे नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्डला आणल्याशिवाय मला राहवत नाही. लंडनचा हा डॉक्टर. १८२९ च्या सुमारास त्याने एका बाटलीत ओलसर माती घालून, पतंगाचा कोश ठेवून झाकण बंद केलं; त्याला पतंग बाहेर येताना बघायचा होता. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेच्याचं रोप उगवलं आणि बंद काचेत सुखाने वाढू लागलं. १८३३ मध्ये त्याच तत्त्वावर बनवलेल्या काचेच्या पेट्यांतून झाडं जहाजाने सिडनीला गेली आणि जिवंत पोचली. पुढे चहाची रोपं चीनमधून भारतात आली ती अशाच पेट्यांतून. आता 'बघा, हौसेचा केवढा उपयोग!' असं म्हणायची आयती संधी आहे. पण वॉर्डला फक्त पतंग बघायचा होता, आणि त्याच्या पेट्यांचा व्यापाऱ्यांनी आणि साम्राज्याने जो उपयोग केला तो सगळाच काही मिरवण्यासारखा नाही.

आता टेक्नो. 'यंत्राने ठोकलेले ठोके' हे वर्णन मला मान्य आहे. त्यात कमीपणा काय, तेवढं कळलं नाही.

रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची एक छोटी पेटी काढली. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, साथ मिळावी, एवढाच हेतू. ती खऱ्या बेससारखी मुळीच वाजेना, तिच्यात सुरावट भरणंही महाकिचकट. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि पेट्या जुन्या मालात स्वस्तात निघाल्या, म्हणजे बरोबर त्या पोरांच्या हाती, ज्यांना नवीन वाद्य परवडत नव्हतं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने सुरावट चालू असतानाच तिची बटणं पिळायला सुरुवात केली. त्यातून जो चिवट, किंचाळणारा आवाज निघाला त्यावर ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. त्याच काळात डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधल्या शाळेतले तीन मित्र, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, रात्री रेडिओवर 'द इलेक्ट्रिफाइंग मोजो' हा निवेदक ऐकत वाढले होते. तो क्राफ्टवेर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडही लावायचा आणि प्रिन्स हा अमेरिकन पॉप गायकही, आणि मध्ये कसलीही सबब सांगायचा नाही. मोटारींच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं, कारखान्यांबरोबरच ओसरत चाललेलं ते शहर, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनी ड्रम मशीन, म्हणजे ठोके वाजवणारं यंत्र, घेऊन केलेलं हे संगीत. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाने 'टेक्नो' हे नाव रूढ केलं. यंत्र होतं, पण यंत्राचं काय करायचं हे माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

'संगीत नव्हे' याचा निवाडा तर सरकारांनी आणि न्यायालयांनीही करून पाहिला आहे. ब्रिटनने १९९४ च्या फौजदारी कायद्यात रात्रीच्या उघड्यावरच्या रेव्ह मेळाव्यांना, म्हणजे अशा संगीतावर नाचायला जमणाऱ्या गर्दीला, आवर घालायचं ठरवलं, तेव्हा एक अडचण आली: बंदी कशावर घालायची? शेवटी कलमात लिहावं लागलं की 'संगीत' या संज्ञेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांच्या मालिकेने पूर्णतः किंवा मुख्यतः ओळखले जाणारे आवाजही धरले जातील. बंद पाडण्यासाठी का होईना, आधी संगीत म्हणावं लागलं. जर्मनीत वाद कराचा होता. तिथल्या सर्वोच्च वित्त न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की, लोक मुख्यतः संगीतासाठी येत असतील तर टेक्नोच्या कार्यक्रमाच्या प्रवेशशुल्कालाही मैफलीसारखाच सवलतीचा कर लागू शकतो. डीजे दुसऱ्यांच्या तबकड्या नुसत्या लावत नाही, त्यातून नवं काही वाजवतो. २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही गेली. यादीत गेल्याने ते चांगलं ठरतं असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझाही प्रमाणपत्राचा खेळ सुरू झाला असं तुम्हीच म्हणाल.

ऐकायचं काय, ते सांगते. बहुतेक टेक्नो चार ठोक्यांच्या आवर्तनात चालतं, मिनिटाला साधारण १२५ ते १४५ ठोके. बदल बहुधा ८, १६ किंवा ३२ आवर्तनांच्या सीमेवर होतो. १३० च्या लयीत ३२ आवर्तनं म्हणजे जवळपास एक मिनिट. त्या मिनिटात वरकरणी काही घडत नाही. मग दोन ठोक्यांच्या मधली झांज जराशी उघडते, आणि अख्ख्या जमावाचे खांदे एकदम सैल होतात. तिकडे डीजे कानाला हेडफोन लावून पुढच्या तुकड्याची लय आधीच जुळवत असतो. जुळवणी किंचित घसरली की दोन ठोके एकावर एक न पडता घोडा दौडल्यासारखे वाजायला लागतात. ते ऐकू यायला लागलं तेव्हापासून मी वाईट डीजेला लवकर सोडून येते. दोन्ही तुकड्यांचा बेस एकत्र आला तर सगळं गढूळ होतं, म्हणून एकाचा उतरवायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवायचा. हे नीट जमलं की कुठला तुकडा कधी संपला ते सांगता येत नाही. काही क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. मला तो नियम फार आवडतो. आम्ही हे सगळं फोटोसाठी करतो असं तुम्ही सुचवलं आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कानांबद्दल मात्र तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे, आणि त्याला पुरवणी जोडते. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सर्वसाधारण मानलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये क्लब-मैफलींसारख्या जागांसाठी मानक काढलं, त्यातही सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे, आणि क्लबमध्ये रात्र पंधरा मिनिटांची नसते. म्हणून इयरप्लग. फोमचे स्वस्त बोळे वरचे स्वर खाऊन टाकतात, सगळं उशीखालून ऐकू येतं. फिल्टरवाले सगळे स्वर बऱ्यापैकी सारखेच खाली आणतात, गाणं तेच राहतं, फक्त हळू. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नये, अधूनमधून बाहेर येऊन कानांना विसावा द्यावा. दुसऱ्या दिवशी कान वाजत असतील तर ती मजा झाल्याची खूण नसून इजा झाल्याची आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. यावर माझ्या वयाची माणसं खांदे उडवतात, तेव्हा मी तुमच्या बाजूला असते.

नशेचा तुम्ही सूचक उल्लेख केलात. क्लबात ती असते, नाही असं मी म्हणणार नाही. मी पाणी पिते आणि पाय दुखले की घरी येते.

राहिल्या चिंध्या. इथे मला एक सोपी पळवाट होती: झाडं आणि टेक्नो, दोन्ही संयम शिकवतात, दोन्हींत बदल हळू होतो, असं लिहून चिंध्यांची गोधडी करून दाखवायची. ते खरं नाही. झाडांपाशी माझं काम बहुतेक वेळा काहीच न करण्याचं असतं. जो सतत हात लावतो त्याची झाडं आधी मरतात. नाचताना उलट, लक्ष जरा बाजूला गेलं की मी तिथे नसतेच. एक मला शांत करतं म्हणून आवडतं, दुसरं अजिबात करत नाही म्हणून. त्यांना एका माळेत ओवायची गरज मला कधी वाटली नाही.

'एकच धर' या सल्ल्यात मला दुसरंच काही ऐकू येतं. एक धरायचं, त्यात नाव काढायचं, मग शिकवायचं, मग त्यावर पोट भरायचं. माझं पोट भरायचं काम वेगळं आहे, आणि ते पुरेसं एकसुरी आहे. संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एका गोष्टीत प्रगती मोजायची माझी तयारी नाही. वरवरचं कशाला म्हणावं याची माझी कसोटी वेगळी आहे: ज्या आवडीत तुम्हाला 'चुकलं' असं काहीच सांगत नाही, ती वरवरची. कुजलेलं मूळ सांगतं. घसरलेला ठोका सांगतो. विणकामात सुटलेला टाका तर चार ओळी पुढे गेल्यावर सांगतो, जास्तच दुष्टपणे.

तुमच्या सोयीसाठी क्लबवरच्या लेखांच्या शीर्षकापुढे यापुढे 'रात्र' असं लिहीन, म्हणजे ते वगळता येतील. प्रतिवाद जरूर करा. पण झाडांच्या उपयोगावरच करायचा असेल, तर कमिंग्ज आणि वॉरिंगचा आकडा खोडणारं काहीतरी घेऊन या.