‘बालिश खटाटोप’ या शेऱ्याबद्दल

नमस्कार. माझ्या शब्दसंग्रहाच्या साइटवरची सगळी पानं प्रोग्राम लावून घाऊक उतरवणाऱ्यांना मी कसं अडवतो, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर ‘ब्राउझरला जे दिसतं ते स्क्रिप्टलाही दिसतं. ज्याला उतरवायचं तो उतरवणारच, मग हा बालिश खटाटोप कशाला?’ असं आपण लिहिलंत. शिवाय रोबोट्स.टीएक्सटीचं (कोणती पानं उतरवू नयेत हे बॉटना, म्हणजे आपोआप पानं उतरवणाऱ्या प्रोग्रामना, सांगणारी साइटवरची फाईल) साल चुकल्याचं दाखवलंत, आणि एकाच आयपी पत्त्यामागे (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) अनेक जण असल्याने निरपराध वाचक अडकतात, असंही म्हणालात.

साल चुकलं, मान्य. मार्टाइन कोस्टर यांनी ती कल्पना १९९४ मध्ये मांडली, मी १९९६ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘बालिश’? हा शब्द लिहिताना समोर कोण आहे याचा क्षणभर तरी विचार केलात का? तेरा वर्षं रोज रात्री बसून मी हा शब्दसंग्रह टंकला आहे. एका रात्री एकाच पत्त्यावरून सेकंदाला वीस विनंत्या यायला लागल्या. सगळी पानं नेऊन झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. होस्टिंगवाल्यांनी मर्यादा ओलांडली म्हणून माझीच साइट तीन दिवस बंद ठेवली. पुढच्याच आठवड्यात तीच पानं, माझ्या टंकनचुकांसकट, भलत्याच नावाखाली जाहिरातींसह झळकत होती. ते बघताना काय वाटतं, हे तुम्हाला कळणार नाही. कळलं असतं तर तुम्ही तो शब्द वापरला नसता.

आता ‘उतरवणारच’ याविषयी. उतरवेल, पण किती वेळात? त्या वेगाने माझी अठरा हजार पानं पंधरा मिनिटांत संपतात. एका पत्त्याला मिनिटाला दहा पानं अशी मर्यादा घातली, पुढच्या विनंतीला ४२९ हा नकार पाठवला, की त्याच कामाला तीस तास लागतात. तीस तासांत मी लॉग, म्हणजे कोणत्या पत्त्यावरून काय मागितलं याची नोंद, बघतो. पत्ते बदलत राहणाऱ्याला त्या पत्त्यांचे पैसे मोजावे लागतात.

रोबोट्स.टीएक्सटी ही नुसती पाटी आहे, हे मलाही ठाऊक आहे. वीगेट (पानं उतरवणारा एक प्रोग्राम) साखळीने, म्हणजे लिंकमागून लिंक धरत, पानं उतरवताना ती पाळतं, आणि एक पर्याय दिला की पाळत नाही. म्हणूनच मी तिथे एक पान मनाई केलेलं ठेवलं आहे आणि त्याची लिंक माणसाला दिसणार नाही अशी लपवली आहे. पाटी वाचणारा बॉट तिकडे जात नाही. जो जातो, तो आपण कोण हे स्वतःच सांगतो. ‘मी गूगलबॉट’ (गूगलचा शोधासाठी पानं वाचणारा बॉट) म्हणणाऱ्याचा पत्ता उलटा शोधून डोमेन, म्हणजे त्या पत्त्यामागचं नाव, बघायचं, त्या डोमेनवरून पुन्हा पत्ता जुळवायचा. तोतये तिथेच उघडे पडतात. हे सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला नसावा.

निरपराध वाचकांचा मुद्दा दर वेळी कुणीतरी काढतंच. त्यात आज शिरत नाही.

मर्यादा राहणार आहे. कुणाला अभ्यासासाठी सगळा संग्रह हवा असेल तर त्याने मला पत्र लिहावं. आजवर दोघांनी मागितला, दोघांनाही मी पूर्ण फाईल पाठवली.