‘जिप्सी’ हा शब्द आपल्याला इतका गोड का वाटतो?

ताडोब्याला जाऊन आलेला प्रत्येक जण ‘आम्ही जिप्सी केली होती’ असे सांगतो. मारुतीने 1985 मध्ये या गाडीला ते नाव दिले, तेव्हा मोकळी वाट आणि मोकळा वारा डोळ्यांपुढे यावा, एवढाच हेतू असणार. मराठी कवितेत हा शब्द मंगेश पाडगावकरांच्या संग्रहाचे नाव झाला, तोही मनातल्या भटक्या ओढीचे रूप घेऊन. म्हणजे आपल्याकडे शब्द आला आणि ज्यांचे ते नाव, ती रोमा माणसे युरोपातच राहिली.

मुळात हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले हे लोक इजिप्तहून आले असावेत, अशा समजातून इंग्रजीत ‘जिप्सी’ आणि स्पॅनिशमध्ये ‘खितानो’ हे शब्द रूढ झाले. फ्रेंचांना ते बोहेमियातले वाटले, म्हणून ते ‘बोहेमियन’ ठरले. पुढे एकोणिसाव्या शतकात तोच शब्द पॅरिसमधल्या फटिंग कलावंतांना चिकटला आणि आज तो गोंडे लावलेल्या घागऱ्यांवर ‘बोहो’ म्हणून विकला जातो.

जर्मन ‘त्सिगॉयनर’ आणि रुमानियन ‘त्सिगान’ यांची कुळकथा वेगळी आहे. बहुतेक अभ्यासक हे शब्द ज्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात, तो मुळात एका पाखंडी ठरवलेल्या पंथाचे नाव होता आणि त्याचा अर्थ शिवाशिवीशी जोडलेला आहे: ‘अस्पर्श’. महाराष्ट्रातल्या वाचकाला यावर अधिक काही सांगायला नको. पुढे ज्यांतून रुमानिया घडला, त्या वालाचिया आणि मोल्दाविया या प्रांतांत 1855-56 मध्ये गुलामी संपेपर्यंत ‘त्सिगान’ म्हणजे जवळजवळ गुलामच समजला जाई. नाझींच्या ऑशविट्झ-बिर्केनाउ छावणीत या लोकांच्या हातावर ‘त्सिगॉयनर’मधले ‘झेड’ हे अक्षर गोंदले जात होते, आणि 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री तिथल्या उरलेल्या चार हजारांहून अधिक रोमा व सिंती (जर्मन भागातली त्यांचीच शाखा) स्त्री-पुरुषांना आणि मुलांना विषारी वायूने मारण्यात आले. त्यानंतरही त्याच नावाचा ढोबळी मिरचीचा सॉस जर्मन दुकानांत सुखेनैव विकला जात होता. 2020 मध्ये एका मोठ्या कंपनीने त्याचे नाव बदलले, तेव्हा मला तो फाजील सोवळेपणा वाटला होता. ते गोंदलेले अक्षर आठवल्यावर तसे वाटेनासे झाले.

गोडवा आणि संशय हे एकाच कल्पनेचे दोन उपयोग आहेत, असे माझे मत आहे. ज्याला घरदार नको, उद्याची फिकीर नाही, असा माणूस कवितेत स्वच्छंद असतो आणि गावात चोरी झाली की पहिला संशयितही तोच असतो. प्रत्यक्षात युरोपातले बहुसंख्य रोमा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत आले आहेत, आणि जे फिरत राहिले त्यांतल्या अनेकांना वेशीबाहेर हाकलले गेले म्हणून फिरावे लागले.

यात आपण नामानिराळे नाही. इंग्रजीत ‘जिप’ करणे म्हणजे फसवणे, याची आपल्याला गंमत वाटते. पण ‘भामटा’ आणि ‘बेरड’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो, आणि तीच नावे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यासाठी आपल्याला ‘जिप्सी’सारखा हळवा शब्द कधी सुचला नाही. दूरच्या भटक्याची कविता होते, जवळच्याची पोलिसांत नोंद होते.

आता नवे कौतुक नात्याचे आहे. रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’ म्हणतात, हे खरेच आहे, आणि ते वाचून ‘ही तर आपलीच माणसे’ असा उमाळा आपल्याला येतो. 1971 मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने ‘रोमा’ हे नाव स्वीकारले आणि झेंड्यावर चक्र घेतले, त्यामुळे तर आपली छाती आणखीच फुगते. मात्र त्यांच्या भाषेत रोमा नसलेल्या माणसासाठी ‘गाजो’ असा शब्द आहे, आणि त्या हिशेबाने हे नाते सांगणारे आपण सगळे गाजेच.