नळासमोर हात जोडून

सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या आपोआप सुरू होणाऱ्या नळांचं आणि माझं काही तरी जुनं वैर असावं. शेजारच्या बेसिनवर कुणी हात पुढे करायचा अवकाश, की पाणी हजर. मी मात्र कोपरापर्यंत साबण फासून उभा. तळवे पुढे करतो, मग उलटे करतो, मागे घेतो, एकदम पुढे नेतो. शेवटी हात जोडतो. नळ ढिम्म. वैतागून शेजारच्या नळाकडे सरकावं, तर सोडलेला नळ पाठीमागे धो धो वाहायला लागतो. साबण देणारं यंत्र मात्र मला लांबूनच ओळखतं. शर्टाची बाही पुढे गेली तरी तिच्यावर फेसाचा गोळा टाकून मोकळं होतं.

म्हटलं, आपलं नेमकं काय खुपतं ते तरी कळू दे. नळाच्या पुढ्यातल्या इवल्याशा काळ्या खिडकीत वाकून पाहिलं. मागचे गृहस्थ खाकरले, तिकडे लक्ष दिलं नाही. त्या खिडकीआड बहुधा दोन असामी बसलेल्या असतात. एक एलईडी, जो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचे झोत सोडतो, ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे. आपली नजर ७००च्या पुढेमागे संपते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. दुसरा फोटोडायोड. हातावर आपटून परतलेला प्रकाश पकडायचा, एवढंच त्याचं काम.

आणि ते तो फार सचोटीने करतो. सिलिकॉनच्या एका चकतीत दोन वेगळ्या भेसळींचे थर असतात, पी आणि एन. ते जिथे भिडतात तिथे एक अतिशय पातळ पट्टा तयार होतो. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात, पण विद्युतक्षेत्र असतं. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, आत शिरला, की जखडलेला एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे रिकामी जागा राहते. दोघांची पुन्हा गाठ पडून मिटवामिटवी व्हायच्या आत क्षेत्र एकाला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे ढकलतं. झाला प्रवाह सुरू. उलट्या दिशेने व्होल्टेज दिलं, की पट्टा रुंदावतो आणि काम आणखी झटपट होतं.

हिशेब मात्र रोखीचा. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला प्रत्येक फोटॉनकडे साधारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दोन गरीब फोटॉनांनी वर्गणी काढून एक इलेक्ट्रॉन सोडवला, असं या मंद उजेडात चालत नाही. तरंगलांबी जितकी जास्त, तितका फोटॉन गरीब. म्हणून ११०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश सिलिकॉनच्या डोळ्यांदेखत आरपार निघून जातो. (इंटरनेटच्या फायबरमधून येणारा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश टिपायला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे फोटोडायोड लागतात, ते याचसाठी.) प्रकाशाचा हा नगावरचा व्यवहार आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला. १९२१ चं नोबेल त्यांना प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नव्हे.

प्रकाश दुप्पट, तर प्रवाह दुप्पट. इतकं सरळ वागणारं माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. अगदी मिट्ट अंधारातही थोडा प्रवाह गळतो, त्याला डार्क करंट म्हणतात. तो उकाड्यासोबत वाढतो, तेवढं मात्र माणसासारखं.

तेव्हा माझे हात फोटोडायोडला दिसत नाहीत, हा आरोप मागे. त्याने मला पाहिलेलं असतं. नाकारलेलं असतं पुढच्या सर्किटने. ‘अमुक इतका प्रवाह आला तरच झडप उघडा’ असा हुकूम कुणीतरी त्याला देऊन ठेवलेला असतो. हुकूम ढिला असेल, तर समोरचं चकचकीत स्टीलचं बेसिनही हात ठरतं आणि नळ रिकाम्या खोलीत वाहत बसतो. कडक असेल, तर मी. शिवाय ऊन आणि काही दिवे यांच्यातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो. त्यात गल्लत नको म्हणून एलईडी ठरावीक तालात लुकलुकतो आणि सर्किट तेवढाच ताल ऐकतं. टीव्हीचा रिमोट हेच करतो. त्याची लुकलुक बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजारांच्या घरात असते.

खरा अपमान दवाखान्यात कळला. बोटाला चिमटा लावला. एका बाजूला तांबडा आणि अवरक्त असे दोन दिवे, दुसऱ्या बाजूला पुन्हा फोटोडायोड. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. दर ठोक्याला होणाऱ्या त्या बारीक फरकावरून ऑक्सिजनही समजतो आणि नाडीही. म्हणजे ज्या जमातीच्या दारात माझे दोन अख्खे हात हजेरीला कमी पडतात, तिलाच माझ्या तर्जनीच्या पोटातली धडधड मोजता येते!

नळाबद्दल तक्रार करताना निदान एवढं म्हणता येतं, की तो मला कमी लेखतो. कमोडमागच्या फ्लशच्या सेन्सरचं काय करायचं? मी नुसता पुढे झुकलो, तरी त्याच्या लेखी मी निघून गेलेला असतो आणि तो निरोपाचं पाणी सोडतो. तेही पूर्ण दाबाने.