कळसूबाईपेक्षा उंच कळसूबाई

गेल्या शनिवारी मला इंग्रजीत पाचपैकी दोन गुण मिळाले. वहीवर नाव माझ्या सहावीतल्या मुलाचे आहे. परंतु रात्री साडेदहा वाजता, तो जांभया देत असताना, 'चेंज द डिग्री'ची पाचही वाक्ये मीच सांगितली होती आणि त्याने ती भाबडेपणाने उतरवून घेतली होती, हे त्याला, मला आणि पालकसभेत मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून त्यांनाही ठाऊक होते.

मूळ वाक्य होते, 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' त्याचे कम्पॅरेटिव्ह मी केले, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.' त्याखाली लाल शाईत एवढेच लिहिले होते, 'इन्क्लुडिंग कळसूबाई?' हीच चूक मी तीन वाक्यांत केल्यामुळे तिचे तीन गुण वेगवेगळे कापले होते, हे मला आजही पटलेले नाही. एका चुकीला एकदाच शिक्षा असावी.

मॅडमनी शांतपणे समजावले की 'एनी'नंतर 'अदर' हवे. कळसूबाई स्वतःही महाराष्ट्रातलेच शिखर असल्यामुळे माझ्या वाक्याप्रमाणे ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. मी म्हणालो, मराठीत 'कळसूबाई राज्यातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच आहे' असे म्हटले, तर कोणी तिला तिच्याच खांद्यावर उभे करत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, पेपर इंग्लिशचा आहे." याला उत्तर नव्हते आणि प्रकरण तिथेच संपले असते.

परंतु माझ्या मागच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, नातवाचे प्रगतिपुस्तक न्यायला आलेले एक आजोबा बसले होते. ते उठले, माझ्या हातातली वही त्यांनी काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाक्य मोठ्याने वाचले.

"या शिखराची उंची किती, साहेब?"

"1646 मीटर," मी म्हणालो. निदान एवढे तरी मला येत होते.

"मी चढलोय. बारी गावातून, लोखंडी शिड्यांवरून. वर देवीचे देऊळ आहे. तिथे उभा राहून मी चारी दिशांना पाहिले. मला कुठेही 'अदर' दिसले नाही."

"आजोबा, तुमचा नंबर अजून यायचाय," मॅडम म्हणाल्या.

"येईल. आधी मला सांगा, एव्हरेस्टला लागते का हे 'अदर'?"

मॅडम प्रामाणिक होत्या, आणि तिथेच त्या फसल्या. "'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' यात नाही लागत. एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही ना."

आजोबा सावकाश वळले आणि सबंध सभागृहाला उद्देशून म्हणाले, "ऐकलंत? बाहेरच्याला मोकळीक आणि घरच्याला अट!" दोन-तीन पालकांनी जोरात माना डोलावल्या, त्यांना नेमके काय आठवले, हे मी विचारले नाही.

त्यानंतर आजोबांनी उभ्या उभ्या स्वतःची कहाणी सांगितली. एका सरकारी कचेरीत असताना बढतीच्या अर्जात त्यांनी 'आय ॲम सीनिअर दॅन' असे लिहिले, साहेबांनी 'दॅन'भोवती गोल काढला, कारण सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर ही लॅटिनकडून आलेली मंडळी 'टू' मागतात. आणि बढती मिळाली ती ज्युनिअरला. "त्याच्या अर्जात 'टू' होते," आजोबा म्हणाले, आणि एवढ्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज किंचित कापला. मी हसू दाबले, पण खरे सांगायचे तर मला त्या वेळी माझे तीन गुण आठवत होते.

इंग्रजीवर माझा राग वेगळा आहे. मराठीत विशेषणाला कोणी हात लावत नाही. 'साल्हेरपेक्षा कळसूबाई उंच' म्हणताना 'पेक्षा' लागते ते 1567 मीटरवर अडकलेल्या साल्हेरला, म्हणजे हरणाऱ्याला. 'उंच' जसेच्या तसे राहते. इंग्रजीत मात्र 'हाय'ला शेपूट फुटते, 'ब्युटिफुल'ला शेपूट पेलवत नाही म्हणून पुढे 'मोअर'चा हमाल द्यावा लागतो, आणि 'गुड' तर घर सोडूनच जातो व त्याच्या जागी कोण कुठला 'बेटर' येऊन बसतो.

याच तिरीमिरीत मी मॅडमच्या डोक्यावरच्या फलकाकडे बोट दाखवले. 'जिल्ह्यातील श्रेष्ठतम शाळा.' मी म्हणालो, श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगले. त्याला पुन्हा 'तम' लावणे म्हणजे 'मोस्ट बेस्ट' म्हणण्यासारखे आहे, त्याचे गुण कोण कापणार?

मला वाटले, आजोबा माझ्या बाजूने आहेत. ते म्हणाले, "छे, छे. 'श्रेष्ठतमाय कर्मणे.' यजुर्वेदाचा पहिलाच मंत्र आहे. ऋषींना लाल शाई लागत नाही, साहेब." मॅडम पहिल्यांदाच मनापासून हसल्या. शेक्सपिअरचा अँटनी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो आणि तेही पचते, हे मला जिना उतरताना आठवले. योग्य मुद्दे मला नेहमी जिन्यातच आठवतात.

रात्री मुलाने सुधारलेली वाक्ये सहीसाठी माझ्यापुढे ठेवली. त्याने धडा नीट घेतला होता. प्रत्येक 'एनी'नंतर ठसठशीत 'अदर' होते, आणि सभेतली हकिगत ऐकून उत्साहाने स्वतःच्या मनाने घातलेले सहावे वाक्य असे होते: 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.'

एव्हरेस्ट महाराष्ट्रात आला होता. मी सही केली.