'रन' सगळ्यांनाच येतं

खेळाच्या तासाला इंग्रजी शिकवलं की एका दगडात दोन पक्षी, असं ज्यांना वाटतं त्यांनी पहिलीचा खेळाचा तास पाहिलेला नसतो. तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच-सात मिनिटं चपला ओळीत लावण्यात, एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात सापडण्यात आणि "मॅडम, शूला जाऊ?" यात जातात. उरलेल्या वेळात ३७ मुलं, एक मैदान आणि तीन नवे शब्द. तीनच. चौथा घेतला की पहिला सांडतो.

महाराष्ट्रात मराठी माध्यमालाही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि मैदानावरच्या इंग्रजीला शास्त्राचा आधारही आहे. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. शिक्षकाने सूचना द्यायची, सोबत कृती करून दाखवायची, मुलांनी ऐकायचं आणि अंगाने उत्तर द्यायचं. बोलण्याची घाई नाही. पद्धत उत्तम आहे. अडचण एवढीच, की मुलं शब्द सोडून बाकी सगळं ऐकतात.

गोलात उभी केली तर समोरच्याचं बघून बसतात. समोरचा त्याच्या समोरच्याचं बघून बसलेला असतो. सगळ्या गोलात 'सिट' कळलेली मुलगी एकच असते, आणि तिला शिंक आली तर अख्खा वर्ग वाकतो. म्हणून नव्या शब्दांची परीक्षा गोलात घेऊ नये. चार रांगा कराव्यात आणि दर वेळी पुढची रांग मागे पाठवावी. डोळे मिटून 'सिट', 'स्टँड', 'हँड्स अप' करायला लावलं तर खरं काय ते कळतं. (डोळे मिटून 'जंप' मात्र नको. का, ते विचारू नका.)

दुसरी चोरवाट म्हणजे आपला हात. 'सिट डाऊन' म्हणताना तो आपोआप खाली जातो, 'स्टँड अप'ला वर. मुलं हाताची आज्ञा पाळतात आणि आपण इंग्रजी आलं म्हणून खूश. उपाय सोपा आहे, पाळणं अवघड: सुरुवातीला शब्द आणि कृती एकदम, मग शब्द आधी आणि कृती दोन सेकंदांनी, आणि शेवटी हात मागे बांधून नुसता शब्द. हात बांधले की भुवया हलायला लागतात. मुलं भुवयाही वाचतात.

शिट्टीचं तेच. 'स्टॉप' म्हणून शिट्टी वाजवली की मुलं शिट्टीला थांबतात. शब्द फुकट गेला. शिट्टी घरी ठेवावी आणि घशासाठी लवंग आणावी.

क्रमसुद्धा पाठ होतो. रोज 'सिट' नंतर 'स्टँड' घेतलं, तर आपण 'सिट' म्हणेपर्यंत निम्मी मुलं बसून उठलेली असतात. त्यात दोन्ही शब्द 'स'ने सुरू होतात आणि सहा वर्षांचं मूल पूर्ण शब्द ऐकायला थांबत नाही. 'स' ऐकला की गुडघे वाकवून अधांतरी उभं राहतं, पुढचं कळल्यावर बघू म्हणून. 'वॉक' घाईत म्हटलं की काही मुलं आज्ञाधारकपणे वाकतात. त्यात त्यांची चूक नाही.

'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच दिवशी घेणाऱ्याला माझा दंडवत. आपण मुलांकडे तोंड करून उभे असतो, म्हणजे आपला डावा हात त्यांच्या उजव्या बाजूला. पाठ करून उभं राहावं, तर पाठीमागे कुस्ती सुरू होते. 'लेफ्ट' एक आठवडा एकट्यानेच राहू द्यावं, डाव्या मनगटाला लोकर बांधून. 'राइट' शिकवल्यावर शाबासकी म्हणून 'राइट!' म्हणायचं नाही. निम्मा वर्ग वळतो.

खेळांत 'शिवाजी म्हणतो' इंग्रजीत चालतो, पण चुकणाऱ्याला बाद करू नका. जो चुकतो त्यालाच सरावाची गरज, आणि तोच दुसऱ्या मिनिटाला कडेला बसून मातीत बोटं घालतो. बाद करण्याऐवजी एक पाऊल मागे, एवढीच शिक्षा पुरते.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत कामाचा खेळ घरचाच, तळ्यात-मळ्यात. मधे खुंटी ठोकायची, १२ फुटांची दोरी ताणून फक्कीने गोल मारायचा. घेर साधारण ७५ फूट होतो, म्हणजे ३७ जणांना माणशी दोन फूट. आत 'इन', बाहेर 'आऊट'. हा गोल असूनही इथे नक्कल चालत नाही, कारण हुकूम भराभर येतात आणि शेजारी बघेपर्यंत पुढचा येतो. खरी गंमत 'इन' लागोपाठ दोनदा म्हणण्यात आहे. न ऐकणारा सवयीने बाहेर उडी मारतो आणि एकटाच बाहेर उभा दिसतो. पावसाळ्यात मैदानाचं खरंच तळं होतं. तेव्हा व्हरांड्यात फरशीच्या रेघेवर हाच खेळ होतो, फक्त शेजारच्या वर्गाच्या बाई दर दहा मिनिटांनी डोकावतात.

मग येतो बोलण्याचा टप्पा. मुलांनीच हुकूम द्यायचे. लाजरी मुलंही तयार होतात, पण प्रत्येक जण एकच शब्द निवडतो: 'रन'. पुढचाही 'रन'. त्याच्या पुढचा 'रन, रन, रन'. थांबवायला कुणीच तयार नसतं. त्यासाठी हुकूम देणाऱ्याच्या हातात चार चित्रं द्यावीत आणि चारही संपल्याशिवाय गादी सोडायची नाही, असा नियम करावा. 'रन'चं चित्र त्यात एकच. तरीही काही जण तेच चित्र चारदा दाखवतात.

या सगळ्यात वही कोरी राहते, आणि पालकांना कोरी वही बघवत नाही. केंद्रप्रमुखांना त्याहून नाही. ते वर्गात येतात, मुलं उठून उभी राहतात. ते म्हणतात, "सिट डाऊन." ३७ मुलं एका क्षणात खाली. साहेब प्रसन्न होऊन शेरा लिहितात: 'इंग्रजी आकलन उत्कृष्ट'. बोलताना त्यांचा हात खाली गेलेला मला दिसलेला असतो. मी चहा मागवते.